कोरियातला पेला आणि नकाराची रीत

भाच्याचा फोन आला तेव्हा इथे संध्याकाळचे सात वाजले होते. मगरिबची नमाज होऊन मी चहा घेत बसलो होतो. तिकडे कोरियात रात्रीचे साडेदहा. भाचा चाकणच्या एका कोरियन कारखान्यात क्वालिटी विभागात आहे. तीन महिन्यांच्या ट्रेनिंगसाठी त्याला दक्षिण कोरियातल्या चांगवोन शहरात पाठवलं होतं. जाऊन चारच दिवस झाले होते. आवाज दबका, मागे भांड्यांचा आणि हसण्याचा गलका.

"मामू, लवकर सांगा. टीम लीडरने बाटली पुढे धरलीय. ग्लास घेतला नाही तर बेअदबी होईल असं बाजूचा सांगतोय. घेतला तर..." पुढचं वाक्य त्याने सोडून दिलं.

मी मौलाना नाही. तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला, तेवढीच माझी पदवी. मी म्हणालो, ग्लास दोन्ही हातांनी घे, तोंडाला लावू नकोस, टेबलावर ठेव. मसला काय आहे ते उद्या जाणकाराला विचार. "दोन्ही हातांनी" हे माझ्या तोंडून कसं गेलं कोण जाणे. आपल्याकडे मोठ्यांकडून काही घ्यायचं तर असंच घेतात म्हणून असेल. त्या रात्री पुढे काय झालं ते नंतर सांगतो.

दोन दिवसांनी तो निवांत बोलला. म्हणाला, "मामू, इथे पिण्यापेक्षा पिण्याचे नियमच जास्त आहेत. हे सगळं आलं कुठून?" निवृत्त मास्तरला असा प्रश्न विचारला की त्याची झोप उडते. पुढचे काही महिने मी जे वाचत गेलो, त्यातलं थोडं इथे मांडतो. दारूवर लिहितोय म्हणून भुवया उंचावणाऱ्या वाचकांनी जरा दम धरावा. या पेल्यात आपलाही एक शब्द बुडालेला आहे.

आधी नियम. मोठ्या माणसाचा पेला आधी भरायचा. बाटली उजव्या हातात, डावा हात बाटलीखाली किंवा उजव्या मनगटाला टेकवलेला. ही मनगटाला हात लावायची सवय जुन्या पोशाखाच्या रुंद बाहीतून आली असं सांगतात. बाही ताटात लोळू नये म्हणून दुसऱ्या हाताने ती धरायची. आता बाही शर्टाची झाली, हात मात्र तिथेच राहिला. घेणाऱ्यानेही पेला दोन्ही हातांनी घ्यायचा. स्वतःचा पेला स्वतः भरायचा नाही. तो शेजाऱ्याने भरायचा, आणि म्हणून शेजाऱ्याचा पेला रिकामा झाला का याकडे आपलं लक्ष हवं. मोठ्याने घोट घेतल्याशिवाय धाकट्याने घ्यायचा नाही. घेताना समोर तोंड करून नाही, मान बाजूला वळवून, हाताचा आडोसा करून. पेल्याला पेला लावताना आपल्या पेल्याची कड मोठ्याच्या पेल्याच्या खाली. आणि अर्धा भरलेला पेला वरून भरायचा नाही. कारण विचारलं तर कोरियन माणूस सांगतो, अशी भर पूर्वजांच्या पूजेत त्यांच्या पेल्यात घालतात, जिवंत माणसाच्या नाही.

यातली दारू क्षणभर बाजूला काढा. उरतं ते सगळं आपल्या ओळखीचं आहे. मोठ्यांसमोर पाय पसरायचे नाहीत, त्यांनी घास उचलल्याशिवाय दस्तरखानवर हात घालायचा नाही. माझे अब्बा पन्नाशी ओलांडली तरी दादांच्या पावलांचा आवाज आला की बिडी विझवून मुठीत लपवायचे. गंमत म्हणजे कोरियातही मोठ्यांसमोर सिगरेट ओढणं असभ्यच. पण दारू? ती मुलाने वडीलधाऱ्यांकडूनच शिकावी असं तिथली जुनी माणसं म्हणतात. चोरून, मित्रांच्यात शिकला तर बिघडेल. बापासमोर शिकला तर हातपाय आवरून पिईल.

हे वळण कन्फ्युशियसच्या परंपरेतलं. चीनच्या जुन्या आचारग्रंथांत नियम आहे की वडीलधाऱ्याने पेला दिला तर धाकट्याने उठून, नमस्कार करून तो घ्यावा, आणि वडीलधाऱ्याने आपला पेला संपवल्याशिवाय पिऊ नये. बाराव्या शतकात चू शी या चिनी पंडिताच्या देखरेखीखाली मुलांसाठी आचाराचं एक पुस्तक तयार झालं, कोरियात त्याला 'सोहाक' म्हणतात. त्यातही हा नियम आला. १३९२ मध्ये सुरू झालेल्या जोसन राजवटीने कन्फ्युशियसचा मार्ग राज्याचा पाया मानला आणि पाचशे वर्षं तिथल्या शिकणाऱ्या पोरांनी हे पुस्तक घोकलं. आमच्या पिढीने जसा कायदा-ए-बगदादी घोकला तसं.

त्यावर राज्याने एक विधीही बसवला. नाव 'ह्यांगउम-जुर्ये', म्हणजे गावाने मिळून पेला घेण्याचा समारंभ. १४७४ साली पूर्ण झालेल्या राजविधींच्या अधिकृत ग्रंथात तो आहे. हिवाळ्याच्या तोंडी इलाख्याच्या अधिकाऱ्याने भागातल्या वृद्ध आणि सदाचारी माणसांना बोलवायचं, पाहुण्यांसमोर पेला धुवायचा, वाकायचं, पुन्हा उठायचं, पेला द्यायचा, पुन्हा वाकायचं. एवढ्या उठाबशांत पोटात जाणारी दारू अगदी थोडी. कोण मोठा, कोण धाकटा, आणि मोठेपण कशाने येतं, हे गावाला दाखवायची ती शाळा होती.

भाषेतही हे उरलंय. यजमान आणि पाहुणा एकमेकांना आळीपाळीने पेला देतात त्याला 'सुजाक' म्हणत. (उर्दू जाणणाऱ्यांनी हसू नये, आपला तो शब्द वेगळा.) आज कोरियन बोलीत 'सुजाक'चा अर्थ झालाय डाव टाकणं, गोडीगुलाबीने फसवणं. पेले देता-घेता काय काय ठरत असेल याची भाषेनेच दिलेली साक्ष! दुसरा शब्द 'जिमजाक', म्हणजे अंदाज. मूळ अर्थ पेला भरणं. मातीच्या बाटलीत किती उरलीय, पेल्यात किती पडलीय ते बाहेरून दिसत नाही, अंदाजाने ओतावं लागतं.

इथवर वाचून मला वाटलं, चला, जुनी कोरिया अदबशीर होती, जबरदस्ती नंतर आली असणार. भाच्याला तसं सांगूनही टाकलं. मग ग्योंगजूचा फासा समोर आला आणि शब्द गिळावे लागले.

ग्योंगजू ही सिल्ला या प्राचीन राज्याची राजधानी. तिथल्या वोल्जी नावाच्या राजतळ्याचा गाळ उपसताना १९७५ मध्ये एक लाकडी फासा सापडला. हजार वर्षांहून जुना, चौदा बाजूंचा. प्रत्येक बाजूवर चार-पाच चिनी अक्षरांत एक हुकूम. तीन पेले एका दमात. पेला संपव आणि खदाखदा हस. गाण्याशिवाय नाच. हात वाकवून पेला रिकामा कर. म्हणजे राजाच्या तळ्याकाठी बसून दरबारी मंडळी फासे टाकत होती आणि फासा सांगेल तसं एकमेकांना पाजत होती. (हा मूळ फासा आज नाही. जतन करण्यासाठी तो वाळवताना यंत्र जास्त तापलं आणि तो जळून गेला. संग्रहालयात नक्कल आहे. इतिहासाच्या माणसाला अशा बातमीने पोटात कालवतं.)

तेव्हा "पाजणं" कोरियात नवं नाही. पण त्या तळ्याकाठी जे प्यायलं जात होतं ते सोजू नव्हतं. भात शिजवून, आंबवून केलेली सौम्य दारू होती ती. सोजू ही गाळलेली, डोक्यात झटकन चढणारी दारू. ती फार नंतर आली, आणि इथे आपला शब्द येतो.

आमच्या घरी पोट दुखलं की दादी ओव्याचा अर्क द्यायची. उन्हाळ्यात डोळ्यांवर गुलाबाचा अर्क. युनानी दुकानात आजही बाटल्यांवर 'अरक' लिहिलेलं असतं. मूळ अरबी शब्द 'अरक', अर्थ घाम. भांड्यात काहीतरी उकळायचं, वाफ वरच्या थंड झाकणाला लागते, तिथे थेंब धरतात आणि घामासारखे ओघळतात. ते थेंब म्हणजे अर्क. ही गाळण्याची विद्या ग्रीकांपासून चालत आली, पण तिला घासूनपुसून हातखंडा केलं ते अरबी लिहिणाऱ्या रसायनवाल्यांनी. नवव्या शतकातल्या अल-किंदीच्या नावावर अत्तरं गाळण्याचं एक पुस्तकच आहे. सुगंध आणि औषध हा त्यांचा मुख्य उद्योग. वाइनही त्याच भांड्यात घालता येते हे त्यांच्या ध्यानात आलेलं होतं, आणि पुढे ते जगाच्याही आलं. आपल्या गोव्यात काजूच्या पहिल्या धारेच्या दारूला 'उर्राक' म्हणतात, त्यातही तोच घाम आहे.

कोरियापर्यंत हा घाम मंगोलांच्या घोड्यावरून गेला. १२३१ पासून मंगोल फौजा कोरियात, म्हणजे तेव्हाच्या गोर्यो राज्यात घुसत होत्या. जवळजवळ तीस वर्षं गोर्यो झुंजलं. १२५८ मध्ये हुलागूने बगदाद जाळलं. १२५९ मध्ये गोर्योच्या युवराजाने मंगोलांकडे जाऊन तह पत्करला. शाळेत मी बगदादची तारीख दरवर्षी शिकवली, तिच्या शेजारी कोरियाची तारीख उभी आहे हे मला ठाऊक नव्हतं. एका वर्षाच्या अंतराने आशियाची दोन टोकं एकाच मुठीत आली. त्या मुठीतून माणसं, भांडी आणि शब्द इकडून तिकडे जाऊ लागले. १३३० मध्ये चीनच्या मंगोल दरबारातल्या हू सीहुई या आहारतज्ज्ञाने एक ग्रंथ लिहिला. त्यात चांगली दारू तापवून तिचं दव गोळा करतात, असा 'अलाजी' नावाचा प्रकार आहे. अलाजी म्हणजे अरक. सोळाव्या शतकातला मोठा चिनी वैद्य ली शिझेन यानेही लिहून ठेवलंय की गाळीव दारू जुनी नाही, मंगोल काळात सुरू झाली. चीनमध्ये ती त्याआधीही होती असं म्हणणारे अभ्यासक आहेत. कोरियाबद्दल मात्र फारसा वाद नाही. जपानवर चढाई करण्यासाठी मंगोलांनी कोरियात तळ ठोकले होते. गेसोंग, आनदोंग आणि जेजू बेट ही त्यांची ठाणी, आणि सोजूसाठी जुन्या काळापासून नाव असलेली गावंही हीच. गेसोंगच्या बोलीत सोजूला 'अराक-जू' म्हणत.

ज्या लोकांच्या धर्मात ही चीज मना, त्यांच्या भाषेतलं नाव घेऊन ती कोरियाच्या पेल्यात पडली. यावर मला हसावं की कपाळावर हात मारावा ते कळेना. भाच्याला सांगितलं तेव्हा तो हसलाच.

मंगोलांबरोबर मुसलमानही कोरियात गेले. कोरियन बखरी त्यांना 'होएहोए' म्हणतात. १२७४ मध्ये कुबलाई खानाची मुलगी गोर्योच्या राजघराण्यात दिली, तिच्याबरोबर आलेला एक होएहोए पुढे दरबारात चढला. त्याला जांग सुन-र्योंग हे कोरियन नाव मिळालं आणि त्याच्यापासून दोक्सू जांग हे कुळ सुरू झालं. ते कुळ आजही आहे. त्याच काळातल्या 'सांगह्वाजोम' नावाच्या एका गाण्यात एक होएहोए दुकानदार भेटतो. त्याच्या दुकानात मोदकासारखे उकडलेले पदार्थ घ्यायला आलेल्या बाईचा तो हात धरतो. कोरियन साहित्यात आपली एन्ट्री अशी, फार अभिमान वाटावा अशी नाही. पुढे १४२७ मध्ये सेजोंग राजाच्या काळात फर्मान निघालं की होएहोए लोकांनी वेगळा पोशाख सोडावा, दरबारात आपल्या पद्धतीने दुआ मागणं थांबवावं. हळूहळू ते कोरियनांत विरघळून गेले. याच सेजोंगच्या पंडितांनी १४४० च्या दशकात मुसलमानी ज्योतिर्गणितावरून पंचांगाचा ग्रंथ तयार केला. पोशाख नको, गणित हवं. राजे लोकांचं हे सगळीकडे सारखंच.

सोजूने कोरियात येताच काय केलं त्याची एक गोष्ट १३७६ ची आहे, आणि ती भाच्याच्या शहरातली आहे. ग्योंगसांग प्रांताचा सेनापती किम जिन रात्रंदिवस नाचणाऱ्या बायका आणि हाताखालचे सरदार घेऊन सोजू पीत बसायचा. शिपाई त्यांना म्हणत 'सोजूवाल्यांची टोळी'. हा किम जिन बारीकसारीक चुकीवर शिपायांना फोडून काढायचा. जपानी चाचे हाप्पोच्या छावणीवर तुटून पडले तेव्हा शिपाई मागे उभे राहिले. म्हणाले, लढू दे की सोजूच्या टोळीला, आम्ही कशाला? छावणी जळाली, किम जिन पळाला, पुढे त्याचा हुद्दा काढून त्याला हद्दपार केलं. हाप्पो म्हणजे आजच्या चांगवोन शहराचाच समुद्राकडचा भाग. भाच्याला मी म्हणालो, तुमच्या टीम लीडरला ही गोष्ट सांग. तो म्हणाला, "मामू, मला नोकरी करायचीय."

जोसन राजवटीचा पहिला राजा गादीवर बसला आणि पुढच्याच वर्षी, १३९३ मध्ये, त्याचा थोरला मुलगा सोजू पिऊन पिऊन मेला. १४३३ मध्ये सेजोंगने दारूपासून सावध राहा असं सांगणारं फर्मान छापून वाटलं. पण पूर्वजांच्या पूजेत दारू, पूजेनंतर तीच प्रसाद म्हणून घ्यायची, पाहुणा आला की दारू. जी गोष्ट देव्हाऱ्यात आहे ती गावातून काढणार कशी?

योंगजो राजाने तेही करून पाहिलं. त्याने १७५० च्या दशकात कडक दारूबंदी आणली. पूजेतसुद्धा दारूऐवजी गोडसर, जवळजवळ बिननशेचं पेय वापरायचा हुकूम काढला. १७६२ मध्ये युन गू-योन या लष्करी अधिकाऱ्यावर दारू प्यायल्याचा आरोप आला. राजाने राजधानीच्या दक्षिण दरवाजापाशी स्वतः हजर राहून त्याचं डोकं उडवलं. मंत्री आडवे आले, त्यांच्यावरच तो उखडला. बंदी तरीही टिकली नाही.

आता याच्या नातवाचं ऐका. जोंगजो राजा, १७७६ मध्ये गादीवर आला. विद्वानांचा चाहता, पुस्तकांचा वेडा, आणि पाजण्यात पटाईत. १७९२ मध्ये त्याने राजविद्यालयाच्या विद्यार्थ्यांना मेजवानी दिली आणि बजावलं की जो झिंगला नाही तो घरी जाणार नाही. आजोबा प्यायल्याबद्दल डोकं उडवतो, नातू न प्यायल्याबद्दल घरी सोडत नाही. दोघांमध्ये जेमतेम तीस वर्षं.

याच दरबारात जोंग याक-योंग नावाचा तरुण अधिकारी होता, कोरिया त्याला 'दासान' या नावाने ओळखते. किल्ल्याच्या बांधकामापासून कायद्यापर्यंत सगळ्यावर लिहिणारा माणूस. राजाने एकदा कुंचले ठेवायच्या जेडच्या उंच भांड्यात काठोकाठ सोजू भरून त्याच्या हाती दिला. तीनदा गाळलेला, जहाल. राजाला नाही म्हणता येत नाही. दासान पुढे लिहितो की मनात आलं, आज मी मरणार. हे तो कधी लिहितो? १८०१ मध्ये ख्रिस्ती धर्माशी संबंध असल्याच्या आरोपावरून त्याला हद्दपार केलं, अठरा वर्षं तो घरापासून दूर होता. तिकडे त्याला कळलं की धाकटा मुलगा फार प्यायला लागलाय. त्या मुलाला लिहिलेल्या पत्रात ही आठवण येते. मुलाला तो समजावतो की दारूची चव ओठ भिजण्यात आहे. बैलाने पाणी ढोसावं तशी ओतली तर ती जिभेला न लागता घशात जाते, मग चव कसली?

ओठ भिजण्याची गोष्ट त्याच्याआधी एकाने लिहून ठेवली होती. यी दोक-मू हा अनौरस घराण्यातला, त्यामुळे मोठ्या हुद्द्याला मुकलेला विद्वान. १७७५ मध्ये त्याने 'सासोजोल' हे छोट्या छोट्या रीतींचं पुस्तक लिहिलं. कसं बसावं, कसं खावं, बोलताना काय टाळावं. त्यात दारूबद्दल त्याचं सांगणं असं की दुसऱ्याला आग्रहाने पाजू नये. आणि मोठा माणूस आपल्याला आग्रह करत असेल, कितीही नाही म्हटलं तरी ऐकत नसेल, तर ओठ तेवढे ओले करावेत.

हे वाचलं आणि मी पुस्तक मिटून थोडा वेळ बसलो. म्हणजे अडीचशे वर्षांपूर्वी कोरियात कुणालातरी भाच्याचाच प्रश्न पडला होता. मोठ्याचा मान मोडायचा नाही आणि प्यायचंही नाही. यी दोक-मूने त्याला वाट काढली होती, आणि ती वाटही अदबीचाच भाग म्हणून लिहिली होती. आमच्यासारख्यांना ओठ ओले करणंही चालत नाही, तो भाग निराळा. पण ज्या परंपरेच्या नावाने आज पाजतात तिच्यातच "पाजू नका" हेही सांगितलंय, हे पाजणाऱ्यांना कुणी सांगत नाही. फासा त्यांच्या लक्षात राहिला, सासोजोल राहिलं नाही.

आजच्या रूपाचा इतिहास मात्र अलीकडचा आहे. पूर्वी कोरियात घरोघरी दारू गाळत. बायका ते काम करत, आणि प्रत्येक घराची चव वेगळी. १९०९ मध्ये जपानी अंमलाखाली दारूवर कराचा कायदा आला, १९१६ मध्ये तो आवळला, आणि १९३४ पर्यंत घरात दारू करायचे परवानेच संपवले. मोहाची दारू गाळणाऱ्या आपल्या आदिवासींचं अबकारी कायद्याने जे झालं तेच. घरातली मातीची भट्टी गेली, कारखाने आले. १९६५ मध्ये धान्याची टंचाई म्हणून सरकारने सोजूसाठी तांदूळ वापरायला बंदी घातली. मग रताळी आणि टॅपिओकापासून शुद्ध अल्कोहोल काढायचं, त्यात पाणी आणि गोडवा मिसळायचा, ही आजची हिरव्या बाटलीतली सोजू. तेव्हा तिच्यात अल्कोहोल ३० टक्के असे, १९७० च्या दशकात २५ झालं, १९९८ मध्ये २३, आज १६-१७ च्या आसपास. ३६० मिलिलिटरच्या बाटलीत साधारण सात पेले बसतात. कोरियन लोक हसत सांगतात की सात हा आकडा दोघांत, तिघांत, चौघांत सारखा वाटता येत नाही, म्हणून दुसरी बाटली मागवावीच लागते.

याच काळात देश कारखान्यांत लोटला गेला. जवळजवळ प्रत्येक तरुण आधी लष्करात, मग कंपनीत. दोन्हीकडे वरच्याचा शब्द शेवटचा. कामानंतर सगळ्या विभागाने एकत्र जेवायचं, त्याला 'होएशिक' म्हणतात. जेवण हे निमित्त. पहिलं ठिकाण, मग दुसरं, मग तिसरं. ज्या विधीत पेला धुवून, वाकून, वृद्धाला द्यायचा, त्यातली उतरंड होएशिकने उचलली आणि आवर टाकून दिला. वयाची जागा हुद्द्याने घेतली. चाळिशीचा साहेब पन्नाशीच्या कामगाराला पाजतो आणि त्याला परंपरा म्हणतो, हे यी दोक-मूला पटलं असतं असं मला वाटत नाही.

कोरियनांनाही ते पटलेलं नाही. २००७ मध्ये सोलच्या उच्च न्यायालयाने निकाल दिला की हाताखालच्या माणसाला जबरदस्तीने पाजणं बेकायदा आहे, आणि एका नोकरदार तरुणीला तीन कोटी वॉन भरपाई द्यायला लावली. २०१८ मध्ये आठवड्याचं काम ५२ तासांवर आणणारा कायदा लागू झाला, २०१९ मध्ये कामाच्या ठिकाणच्या छळाविरुद्धचा. मग कोरोना आला आणि एकमेकांच्या उष्ट्या पेल्यातून पिण्याची जुनी रीतही बरीचशी थांबली. (ती रीत मला समजते. एका थाळीत जेवणाऱ्यांना ती समजेल.) नवी पिढी दहा वाजता घरी जाते म्हणतात. भाच्याचा टीम लीडर मात्र जुन्या पिढीचा निघाला.

तर त्या रात्रीचं. भाच्याने पेला दोन्ही हातांनी घेतला आणि टेबलावर ठेवला. टीम लीडरने विचारलं, "चर्चला जातोस का?" हा प्रश्न मला आधी विचित्र वाटला. पण कोरियात अमेरिकन मिशनऱ्यांच्या काळापासून प्रोटेस्टंट मंडळींनी दारू वर्ज्य मानली, त्यामुळे न पिणारा माणूस दिसला की तो चर्चवाला असणार असा तिथला हिशोब. भाचा म्हणाला, मी मुसलमान आहे. टेबलावर शांतता झाली. मग शेजारचा पोरगा उठला. टीममधला सगळ्यात धाकटा, चोवीस-पंचवीसचा. त्याने भाच्याचा पेला उचलला, मान वळवली आणि एका दमात संपवला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्याच्या वाट्याचा पेला पिणाऱ्याला तिकडे 'हुक्गिसा' म्हणतात, म्हणजे काळा घोडेस्वार सरदार. खेळातला प्रकार आहे, बदल्यात तो काहीतरी मागू शकतो. या पोराने काही मागितलं नाही.

दुसऱ्या आठवड्यापासून टीम लीडरने स्वतःच भाच्यासाठी सायडर मागवायला सुरुवात केली. कोरियात सायडर म्हणजे लिंबाच्या चवीचा सोडा, नशेचा त्याच्याशी संबंध नाही. भाचा आधी नाव ऐकून दचकला, मग बाटलीवरचं सगळं मोबाईलवर भाषांतर करून वाचलं. टीम लीडर तो सोडा रीतसर दोन्ही हातांनी ओतायचा, भाचा दोन्ही हातांनी घ्यायचा आणि मान वळवून प्यायचा. सोडा पिताना मान वळवायची गरज नसते. त्याने ती वळवली हे मला आवडलं.

परत आल्यावर तो मला भेटायला आला. आनदोंगची सुकी मिरची आणि कसलेसे मुळ्याचे वाळवलेले काप आणले होते. बोलता बोलता म्हणाला की पहिल्या आठवड्यात तीन होएशिक झाले. तिन्ही वेळा त्याच्या वाट्याचे सगळे पेले त्या पोराने घेतले, कारण तो सगळ्यात धाकटा होता आणि आता सगळे त्याच्याकडेच बघत. तिसऱ्या रात्री तो बसस्टॉपच्या मागे बसून ओकत होता आणि भाचा त्याची पाठ चोळत होता. पोरगा ओकता ओकता "मियानहे, मियानहे" म्हणत होता, म्हणजे माफ कर.

"मामू," भाचा म्हणाला, "मी प्यायलो नाही, ते बरोबर केलं. पण माझ्या वाट्याचं त्याने प्यायलं. त्याचा हिशोब कुणाच्या खात्यात?"

मी चहाचा कप त्याच्या पुढे केला. त्याने दोन्ही हातांनी घेतला. उत्तर मी अजून शोधतोय.